खंजेरीपाशी बसून

जरा सैल बसा. घाई नसेल अशी वेळ निवडून हे वाचा आणि एक परिच्छेद संपला की पुढचा लगेच सुरू करू नका. गाणी रचणाऱ्या एका माणसाचं मनन करायचं आहे. त्याच्या आवाजाकडे नंतर येऊ. आधी त्याचे कान.

अमरावती जिल्ह्यातलं यावली हे गाव. १९०९ साली तिथे बंडोजी आणि मंजुळाबाई यांच्या पोटी माणिक जन्मला. वडील शिवणकाम करायचे, घरात गरिबी. घराणं भाटांचं, म्हणजे शब्द तोंडपाठ ठेवायचे आणि लयीत म्हणायचे ही रीत रक्तातलीच. शाळा तिसरी-चौथीपर्यंत झाली. कुठल्या गवयाचा गंडा बांधला नाही, नाटक कंपनीत वाढ झाली नाही, संस्थानिकाचा आश्रय मिळाला नाही. तरी या मुलानं पुढे मराठीत आणि हिंदीत हजारो भजनं रचली आणि खंजेरी वाजवत स्वतः गायली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज म्हणून आपण त्यांच्या पाया पडतो. आज थोडा वेळ रचनाकार म्हणून त्यांच्याजवळ बसू. त्या नात्यानं आपण त्यांच्याकडे फार कमी पाहिलंय, असं मला मनापासून वाटतं.

आता त्या काळच्या वऱ्हाडातल्या खेड्यात मनानं जाऊन बसा. पहाट आहे. कुणाच्या तरी घरात जातं फिरतंय आणि ओवीची ओळ जात्याच्या फेऱ्याबरोबर वळतेय. तो फेरा ऐका. मग पोळ्याचा दिवस आठवा. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या आहेत, कुणी तरी गळा ताणून झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हणतोय आणि ती संपताच सगळा गाव महादेवाचा गजर करतोय. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत फिरतात आणि शेवटी डबा हलवून खिरापत ओळखायला लावतात. एकादशीला देवळात टाळ-मृदंग.

एकेक आवाज वेगळा काढून ऐका आणि मग स्वतःला विचारा, यातलं कोणतं गाणं नुसतं ऐकण्यासाठी होतं? मला तरी एकही सापडत नाही. झडतीला गजर लागतो, भुलाबाईच्या गाण्याला फेर धरणाऱ्या पोरी लागतात, ओवी म्हणणारीच्या समोर दुसरा हात खुंट्यावर असतो. प्रत्येक गाण्यात दुसऱ्यासाठी जागा ठेवलेली आहे. या मुलाचे कान अशा गाण्यांवर वाढले. पुढे त्यानं जे काही रचलं त्याचं मूळ मला इथे दिसतं.

आजोळ वरखेडला. तिथे आडकोजी महाराजांचा सहवास मिळाला, तेच गुरू झाले. सांगतात की माणिक त्यांच्यापुढे तुकोबांचे अभंग म्हणायचा. शेवटच्या चरणात तुकोबांचं नाव आलं की आडकोजी म्हणायचे, दुसऱ्याचं नाव किती दिवस घेशील, तुकड्या म्हणे असं म्हण. पुढच्या हजारो भजनांच्या शेवटी येणारी नाममुद्रा ती हीच.

इथे थांबा. ही गोष्ट घाईनं पुढे सरकू देऊ नका. आडकोजींनी तुकोबा सोडायला सांगितलं नाही. अभंगाचा साचा तोच, शेवटच्या चरणात नाव घालण्याची रीतही तीच. सांगितलं एवढंच की आता जे म्हणशील त्याची जबाबदारी तुझी. पोराच्या वयाला हे केवढं ओझं आणि केवढा विश्वास! तुमच्या आयुष्यात असं कुणी होतं का, ज्यानं तुमच्या तोंडचे उसने शब्द थांबवून तुमचे शब्द मागितले? त्या माणसाचा चेहरा आठवा. थोडा वेळ तोच चेहरा असू द्या.

आता खंजेरी हातात घेऊ. लाकडाचं गोल कडं, एका तोंडावर ताणून बसवलेलं कातडं, कड्याला पाडलेल्या खाचांमध्ये पितळी चकत्या. डाव्या हातात धरायची, उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायची. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं, मग विस्तवाची धग दाखवून ते तापवावं लागतं. मनगट हललं की चकत्या बोलतात, बोट पडलं की कातडं बोलतं, म्हणजे ताल आणि झांज एकाच माणसाच्या हातात. पेटीवाला नको, तबलजी नको, बैठक नको. पारावर, आखरावर, बाजाराच्या दिवशी गर्दीत, तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांच्या सभेत, कुठेही उभं राहून गाता येतं. रामटेक, सालबर्डी, रामदिघीच्या रानात भटकणाऱ्याला दुसरं कोणतं वाद्य परवडलं असतं? गरीब माणसाचं वाद्य म्हणून खंजेरीकडे दयेनं पाहिलं जातं, ते मला पटत नाही. ज्याला कुणाच्याही परवानगीशिवाय गायचंय, त्यानं विचारानं निवडलेलं हे वाद्य आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. तुकडोजींच्या भजनांची पुस्तकं उघडा. भजनाच्या वर कंसात तर्ज दिलेली असते, म्हणजे लोकांच्या ओठी आधीच असलेल्या कुठल्या तरी गाण्याची सुरुवात. चाल ती, शब्द माझे. चाल कुठून घेतली ते उघडपणे छापलेलं. यात मला कमीपणा तर दिसत नाहीच, फार मोठी समज दिसते. नवी चाल शिकवायला आठवडे जातात. ओळखीच्या चालीत दुसऱ्या कडव्याला अख्खा गाव गायला लागतो आणि मग ग्रामसफाई, व्यसन, अस्पृश्यता, एकी हे सगळं त्या चालीवर बसून घरात शिरतं. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला, गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थना गावोगाव रुजल्या आणि १९४२ साली सरकारनं महाराजांना तुरुंगात टाकलं. भजनांचं वजन सरकारला नेमकं कळलं होतं.

त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका मुलाकडे क्षणभर वळा. १५ एप्रिल १९३२, अमरावती शहर. डॉक्टरांचं घर, आईला कवितेचं वेड. अडीचेक वर्षांचा असताना पोलिओनं पाय अधू झाला. पोरं मैदानात धावत असताना हा बाजाच्या पेटीपाशी. सुरेश भट पुढे गझल गुणगुणत लिहायचे, मंचावर तरन्नुममध्ये म्हणायचे आणि ‘गझलेची बाराखडी’ नवख्या कवींना विनामूल्य पाठवायचे. तंत्र उर्दूकडून घेतलं, ते लपवलं नाही, उलट नियम लिहून वाटले. त्यांचे शब्द गाऊन मराठी गझल गावोगाव नेणारे भीमराव पांचाळे आष्टगावचे, म्हणजे तेही याच जिल्ह्याचे. खंजेरी आणि पेटी, भजन आणि गझल, किती लांबची टोकं! तरी घेतलेलं सांगणं आणि मिळालेलं वाटणं दोघांत सारखंच. स्वतंत्र रचनाकार म्हणजे ज्याच्यावर कुणाचं ऋण नाही असा माणूस, अशी समजूत हल्ली पसरली आहे. वऱ्हाडात मला असा एकही रचनाकार दिसत नाही. इथे ज्याचं ऋण मोठं, त्याचंच गाणं मोठं झालं.

अकोल्याकडे चला. श्रावणात शेवटच्या सोमवारी गांधीग्रामच्या पूर्णेचं पाणी कावडीनं आणून राजराजेश्वराला घालतात. रात्रभर अनवाणी पावलं पडत राहतात आणि त्या पावलांना लय असते. कवी विठ्ठल वाघांनी पेरणीच्या तिफणीची चाल कवितेत आणली आणि १९८१च्या ‘अरे संसार संसार’ या चित्रपटातून त्या कवितेचं गाणं महाराष्ट्रभर गेलं. अकोटचे सत्यपाल महाराज एक सोडून सात खंजेऱ्या समोर मांडतात, अस्सल वऱ्हाडीत बोलतात आणि हुंडा, दारू, अंधश्रद्धा यांवर लोकांना हसवत हसवत गप्प करतात. तुकडोजी महाराजांची खंजेरी आणि गाडगेबाबांचे लोकांना विचारलेले प्रश्न, दोन्ही तिथे एकत्र ऐकू येतात.

आता शेवटचं, तुमच्यासाठी. कुणी न शिकवताच तुम्हाला येऊ लागलेलं एक गाणं मनात आणा. अंगाई असेल, प्रार्थना असेल, शेतात कुणी म्हणायचं ते असेल. हळू आवाजात म्हणून पाहा. कुठे अडता? बहुतेक दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या कडव्यात. ते कडवं ज्यांना येत असेल त्या मावशीला, आत्याला, गावच्या भजनी मंडळातल्या काकांना आजच फोन लावा. म्हणायला सांगा, लिहून घ्या, आणि कागदाच्या वर चाल कुठली तेही विचारून लिहा.