घरघर कुणाची?

मुंबईजवळच्या ठाकुर्लीला जलद लोकल थांबत नाही, मेल गाड्या तर नाहीतच. रुळांलगतच्या दवाखान्यात त्या आवाज म्हणून येऊन जातात. आधी फरशीतून थरथर, मग खिडकीच्या काचा. जीआयपी रेल्वेने १९२९ साली सुरू केलेलं इथलं चोळा पॉवर हाऊस केव्हाच बंद झालं. गाड्यांची घरघर राहिली. अशा जागी छातीवर स्टेथोस्कोप टेकवलेले डॉक्टर गाडी पुढे जाईपर्यंत थांबतात. या थांबण्यात ऐकण्याची अर्धी विद्या आहे, असं मला वाटतं.

हृदय बोलतं फार हळू आणि खालच्या पट्टीत. मिट्रल आणि ट्रायकस्पिड झडपा मिटल्या की ‘लब’, एओर्टिक आणि पल्मोनरी मिटल्या की ‘डब’. श्वास आत घेताना या ‘डब’चे दोन तुकडे होतात, सोडताना ते जुळतात. श्वास कसाही असला तरी तुकडे तेवढ्याच अंतरावर राहिले, तर वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असल्याची शंका घ्यावी. आणि लहानपणी घसा दुखून, सांधे सुजून आलेल्या र्‍हुमॅटिक तापाने पुढे मिट्रल झडप आक्रसली असेल, तर ‘डब’नंतरच्या अवकाशात शेजारच्या घरी जातं फिरावं तशी घरघर येते. कित्येक बायकांना तिचा पत्ता पहिल्या बाळंतपणात लागतो. ही घरघर शंभर हर्ट्‌झच्याही खाली उतरते. तिथे माणसाचा कान मंद होतो, आणि गाडीची घरघरही तिथेच घुमते.

लेनेक या फ्रेंच डॉक्टरने १८१६ मध्ये पॅरिसला कागदाची गुंडाळी कानाला लावली, तरी ऐकलेलं डॉक्टरपाशीच राहत होतं. डच शास्त्रज्ञ आइन्थोवेनने १८९४ मध्ये हृदयाचे आवाज रेषांत उतरवले. पुढे १९५३ पासून एकोचं, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचं, युग आलं. झडप डोळ्यांनी दिसू लागल्यावर त्या रेषांकडे बघतो कोण? आता त्या परतल्या आहेत. पवईच्या आयआयटीतल्या तरुणांनी डिजिटल स्टेथोस्कोप केला. २०२०च्या कोविडकाळात त्याची बातमी झाली, कारण रुग्णापासून दूर राहून, ब्लूटूथवरून छाती ऐकता येत होती.

ध्वनिमुद्रण झालं की यंत्राकडून त्याचं पृथक्करण आलंच. आणि इथे मला ठाकुर्लीची काळजी वाटते. गोंगाट गाळायचा म्हणून खालची पट्टी सरसकट कापली, तर गाडीबरोबर आजारही जातो. शांत खोलीत शिकलेल्या यंत्राला आपले दवाखाने ठाऊक नसतात. २०१६ साली फिजिओनेट या वैद्यकीय नोंदींच्या खुल्या संग्रहाने हृदयाच्या आवाजांची स्पर्धा घेतली. तीन हजारांहून अधिक ध्वनिमुद्रणं खुली केली, आणि आज्ञावलीला तीन उत्तरांची मुभा दिली: निरोगी, सदोष, किंवा गोंगाटामुळे सांगता येत नाही. त्या स्पर्धेतली सगळ्यात शहाणी गोष्ट हे तिसरं उत्तर. गाडी जाईपर्यंत थांबणारा डॉक्टर दुसरं काय करत असतो? लहान मुलांच्या छातीत निरुपद्रवी मर्मर, म्हणजे ठोक्यांमधली जादा सळसळ, पुष्कळदा सापडते. तिथे घाईने लागलेला लाल दिवा घरातल्यांची झोप उडवतो. ‘ऐकू आलं नाही’ म्हणायला न शिकलेलं यंत्र रुळांलगतच्या दवाखान्यात आणूच नये. आणलं, तरी त्याने एकोला कुणाला पाठवायचं एवढंच सुचवावं. निदान एको आणि डॉक्टरांवर सोडावं.

आपल्या हाती एक गोष्ट आहे. डॉक्टरांनी छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की फोन बंद करा, आणि ते कानातून नळ्या काढेपर्यंत लक्षणं सांगू नका.