दिले ते दिले

'दत्त' या शब्दाचा साधा अर्थ 'दिलेला'. अत्रिऋषींना दिलेला म्हणून दत्तात्रेय. जयंतीला आपण पाळणा म्हणतो, सुंठवडा वाटतो. पण एकदा दिल्यावर देणाऱ्याचा त्यावर काही हक्क उरतो का, याचा विचार सहसा होत नाही.

आपल्या जिल्ह्यापुढे हा प्रश्न एका पहाटे येऊन उभा राहिला. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून गावं निजली होती. चारच्या सुमारास भूकंप झाला. लातूरकडे किल्लारी, आपल्याकडे सास्तूर. दगडमातीची घरं माणसांवरच कोसळली. किती तरी लेकरं पोरकी झाली. त्यांच्यासाठी राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी, पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने, नळदुर्गला निवासी प्रकल्प उभा केला. नाव ठेवलं 'आपलं घर'. नावात 'अनाथ' शब्द नाही. मला वाटतं, निम्मं उत्तर तिथंच आहे. दयेवर राहणारं मूल हात पसरतं. आपल्या घरातलं मूल हक्कानं भाकरी मागतं.

भूकंप मागे पडला, तरी दुष्काळ, कर्ज, ऊसतोडीचं स्थलांतर, दारू यांपायी लेकरं आजही उघड्यावर पडतात. आपण अशा संस्थांना वाढदिवसाचं जेवण देतो, वह्या देतो. चांगलंच आहे. पण कधी कधी मुलांना रांगेत उभं करून फोटो काढतो, आभार म्हणवून घेतो. अशा मुलांचे फोटो छापू नयेत, असं २०१५ चा बाल न्याय कायदाही सांगतो. कायदा बाजूला ठेवू. माझा जन्म खातेवह्यांत गेला. परतफेड धरून दिलेल्या रकमेला आम्ही कर्ज म्हणायचो, दान नव्हे.

बँकेत अज्ञान मुलाचं खातं असतं. सही पालकाची, पैसा मुलाचा. अठरा पूर्ण झाली की पालकाच्या सहीचा अधिकार संपतो. देणाऱ्यानं स्वतःला एवढंच समजावं: सही करणारा.

कुणी म्हणेल, मग मुलांवर कृतज्ञतेचा संस्कार करायचाच नाही का? करावा की! पण आपला नातू जेवून उठल्यावर आजीचे आभार मानतो का? मोठा झाला की तिची औषधं मात्र न सांगता आणतो. कृतज्ञता अशी आपोआप उगवते. ती वसूल करता येत नाही.

अनसूयामातेचं उदाहरण आपल्यासमोर आहेच. तिन्ही देव बाळं झाले, तिनं त्यांना पाजलं, जोजवलं. त्यांच्या पत्नी न्यायला आल्या तेव्हा 'मी सांभाळलं' म्हणून अडून बसली नाही. परत दिले. जिनं हक्क सोडला, तिच्याच घरी दत्त आले.

म्हणून यंदा एक विनंती. मूल अठराचं झालं की त्याला बालगृह सोडावं लागतं. एकवीसपर्यंत अनुरक्षणाची सोय कायद्यात आहे, पण भाड्याची खोली, नोकरीसाठी चार शब्द, सणाला जेवायला बोलावणारं दार, हे कायदा कुठून देणार? ते आपणच द्यायचं. खोली विचारायला असा एखादा मुलगा दारी आला, तर 'आईबाप कोण?' हा प्रश्न आधी विचारू नये. बस म्हणावं, पाणी द्यावं.

।। श्री गुरुदेव दत्त ।।