न केलेल्याचा हिशेब

पाप म्हटले की हातून काय वाईट घडले एवढेच आपण पाहतो. परधन, परनिंदा, असत्य टाळले की आपली पाटी कोरी, अशी आपली समजूत. ख्रिस्ती धर्माने याचा विचार कसा केला, ते आज पाहू.

हा विचार मराठीला परका नाही. इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांनी गोव्यात ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले, ते १६१६ साली छापले गेले. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात १८६१ साली जन्मलेले नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण अभंग काही त्यांनी सोडला नाही.

त्या धर्मात जन्माबरोबर येते ते मूळ पाप आणि आपण करतो ते कर्मपाप. कॅथलिक पंथ कर्मपापाचेही दोन भेद मानतो, मारक आणि हलके. बाब गंभीर असावी, तिचे गांभीर्य ठाऊक असावे आणि ती आपखुशीने केलेली असावी, ही तिन्ही जुळली तर पाप मारक. प्रॉटेस्टंट मंडळी अशी विभागणी करीत नाहीत. गर्व, लोभ, काम, मत्सर, खादाडपणा, क्रोध, आळस ही सात मुळे; आपल्या षड्रिपूंची भावकीच म्हणा ना!

पण आम्ही थबकलो ते आणखी एका भेदापाशी. मनाने, वाचेने, कृतीने पाप होते, तसे ते न केल्यानेही होते. येशूच्या दाखल्यात चोरांनी अर्धमेला केलेला वाटसरू रस्त्यात पडला आहे. याजक येतो, मंदिराचा सेवक येतो; दोघेही बगल देऊन जातात. त्यांनी त्याला मारले नाही, लुटले नाही. काहीच केले नाही, हाच त्यांचा दोष. जखमा बांधल्या त्या परक्या जमातीच्या शोमरोनी माणसाने.

आपल्याकडेही नित्यकर्म टाळल्यास प्रत्यवाय सांगितला आहे. एकादशी मोडली तर आपण हळहळतो. पण शेजारधर्म मोडला तर?

२०२१ साली आषाढी एकादशी २० जुलैला झाली आणि २२ जुलैला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. ते ओसरल्यावर आम्ही देवघर धुतले, पोथ्या वाळत घातल्या, हरिपाठ चुकू दिला नाही. पलीकडच्या आळीत एक म्हातारी एकटीच चिखलात बसून होती. आम्हांला ठाऊक होते. ‘जाईल कोणीतरी,’ असे म्हटले. तिसऱ्या दिवशी गेलो, तर चार अनोळखी पोरे फावड्याने तिच्या घरातला गाळ उपसत होती. आजी म्हणाल्या, “बसा हो.” बसायला कोरडी जागा नव्हती. बाब गंभीर होती, ठाऊक होती, आणि न जाणे आपखुशीचे होते. तिन्ही जुळली होती.

कोणी म्हणेल, मग या हिशेबाला अंत कुठे? जगाचे सारे दुःख आपल्या माथी नाही. जे कळले आणि हाताला जमण्याजोगे होते, तेवढेच आपले. गंगेची कावड रामेश्वराला नेणाऱ्या नाथांनी तहानलेले गाढव पाहिले आणि ते पाणी त्याला पाजले. न पाजता पुढे गेले असते तर कोणी बोट दाखवले नसते. नाथांना मात्र ते गाढव दिसले होते.

तेव्हा माळ ओढून झाल्यावर रोज एवढेच विचारावे: आज कोण दिसले, आणि आपण कुणाला बगल दिली? उत्तर निघाले, तर सकाळी उठून आधी तिकडे जावे. रामकृष्णहरि.