घर विकण्याचा अधिकार कोणाचा?



वरळीच्या बी.डी.डी. चाळींच्या जागी म्हाडाने उंच मनोरे बांधले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या मालकीच्या घरात! नायगावला आणि ना. म. जोशी मार्गावरही तीच योजना आहे.

'चाळ गेली, माणुसकी गेली' असा गळा काढणाऱ्यांनी सामाईक संडासापुढे डबा घेऊन एक पावसाळा काढून पाहावा. आणि चाळीतला बंधुभाव म्हणाल, तर ५ जानेवारी १९७४ ला याच वस्तीत पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली. शेजार होता, जातही होती. तेव्हा पडक्या भिंतींसाठी रडायचे कारण नाही.

विचार करायचा तो पुढच्या गोष्टीचा. त्याच जमिनीवर श्रीमंतांसाठीही इमारती होणार. भोवतालचे भाव चढणार, देखभालीचा खर्च वाढणार, दलाल दारात येणार. मग कुणी म्हणेल, 'विकू, बदलापूरला मोठे घर घेऊ, उरलेल्या पैशात मुलाला शिकवू.' यात पाप आहे काय? मुळीच नाही. गरिबाने वस्ती राखण्यासाठी गरीबच राहावे, हा उपदेश मला तरी पटत नाही.

पण मला विचारायचे आहे ते निराळेच : विकायचे हे ठरवले कोणी? खोली आजोबांच्या नावे, मग वडिलांच्या, मग थोरल्याच्या. ज्या बाईने पहाटे नळावर नंबर लावून तो संसार चालवला, तिचे नाव कागदावर आहे काय? सिगालोवाद सुत्तात पतीची जी पाच कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत पत्नीच्या हाती घरातला अधिकार सोपवणे हे एक आहे. हिंदू कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांची तसबीर नव्या भिंतीवर लावताना आपण तो राजीनामा विसरतो. (तसबिरीला खिळा मात्र आधी ठोकतो!)

दलालाला होकार देण्याआधी घरात सर्वांना बसवा, शिकणाऱ्या मुलीलाही. तिची शाळा, तुमच्या पत्नीचे काम, म्हाताऱ्या आईचा दवाखाना कुठे आहे ते विचारा. बदलापूरहून रोज लोकलने यायचे कोणी, हेही विचारा. त्यांनी नको म्हटले तर दलालाला चहा पाजून परत पाठवा. हो म्हटले तर खुशाल विका. मात्र नव्या घराच्या कागदावर पत्नीचे नाव पहिले घाला.