अनपेक्षित यशाचा धनी

एखाद्याने अवचित मोठे यश मिळविले म्हणजे आपण त्याला 'अनपेक्षित' असे विशेषण लावून मोकळे होतो. हे विशेषण दिसण्यात निरुपद्रवी आहे. किंबहुना त्यात थोडी स्तुतीही आहे, असे लावणारास वाटत असते. परंतु त्याचा अन्वय नीट लावू गेल्यास असे आढळते की, त्यात यशाचे वर्णन फारसे नसून अपेक्षा करणाराच्या दृष्टीचे वर्णन पुष्कळ आहे. माणूस आजवर काय करीत होता हे आपण पाहिले नव्हते, एवढाच त्या शब्दाचा पुष्कळदा अर्थ असतो. तथापि एवढ्याने प्रश्न संपत नाही. कारण कित्येकदा यश मिळविणाराही आपल्या इतकाच चकित झालेला असतो. अशा वेळी त्या यशाचा धनी कोण समजावा, आणि त्याने ते कोणत्या मनाने घरी न्यावे? या विचारासाठी आम्ही नेमबाजीचे उदाहरण घेतो. लक्ष्याच्या कागदाला पडलेले छिद्र कोणाची भीड धरीत नाही, आणि परीक्षकाची मर्जी, नशिबाचा कौल वगैरे सबबींना तेथे इतर खेळांहून जागा कमी असते.

परदेशांत हौशी लोकांमध्ये 'प्रॅक्टिकल शूटिंग' या नावाचा एक प्रकार बराच रूढ आहे. त्याची आंतरराष्ट्रीय संस्था १९७६ साली अमेरिकेतील मिसूरी राज्यात कोलंबिया या गावी स्थापन झाली. आपल्याकडे शस्त्रांच्या परवान्याचे निर्बंध कडक असल्यामुळे वाचकांस तो फारसा परिचयाचा नसेल, म्हणून दोन शब्द सांगणे इष्ट. ऑलिंपिकमधला नेमबाज आपल्या जागेवर स्थिर राहून नेम धरतो. येथला नेमबाज आडोशामागून पुढे सरकत, वळत, धावत, वाटेतल्या लक्ष्यांवर बार टाकीत जातो. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागावयाचे, आणि येईल तो भागाकार त्याच्या पदरी घालावयाचा. साठ गुण दहा सेकंदांत मिळविणाराचा भागाकार सहा. चोपन्नच गुण परंतु आठ सेकंदांत मिळविणाराचा पावणेसात. म्हणजे अचूकपणाचा थोडा त्याग करून वेग विकत घेता येतो. मात्र लक्ष्य साफ चुकले तर गुण उलट वजा होतात. घाई आणि त्वरा यांतील भेद आमच्या वडील माणसांनी आम्हांस वर्षानुवर्षे सांगितला. तो या भागाकारात जितका स्पष्ट दिसतो, तितका उपदेशात दिसला नव्हता, हे येथे नमूद करण्यास हरकत नाही.

आता समजा, अशा स्पर्धेत आठवडाभर कचेरीत खर्डेघाशी करणारा आणि रविवारी हौसेने पिस्तूल हाती धरणारा एक गृहस्थ उतरला. शेवटच्या दहांत न यावे एवढीच त्याची इच्छा. संध्याकाळी निकाल लागतो तो हा दुसरा! भोवतालची मंडळी काय म्हणतील? काही म्हणतील, नशीब. काहींच्या मनात शंका येईल: या खेळात मागील गुणांवरून स्पर्धकांच्या श्रेणी पाडण्याची पद्धत आहे, तेव्हा खालच्या श्रेणीत सुखाने जिंकावे म्हणून हा आजवर मुद्दाम वाईट खेळत होता की काय? उरलेले त्याला तत्काळ गुरुस्थानी बसवून, पिस्तूल कसे धरावे ते विचारू लागतील. तिन्ही मतांत एक दोष समान आहे. त्या माणसाचे मागचे रविवार कोणीच मोजलेले नाहीत.

हे रविवार मोजण्याचे काम किती लोक टाळतात, ते २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये सर्व जगाने पाहिले. युसूफ डिकेच हा एक्कावन्न वर्षांचा तुर्की नेमबाज नेहमीचा चष्मा लावून, एक हात खिशात घालून उभा राहिला आणि मिश्र सांघिक एअर पिस्तुलात रौप्यपदक घेऊन गेला. रस्त्याने जाता जाता सहज आत शिरलेला माणूस पदक जिंकून गेला, अशी थट्टा लोकांनी कौतुकाने केली. वस्तुतः ते त्याचे पाचवे ऑलिंपिक होते. पहिले २००८ सालचे. सोळा वर्षांची तपश्चर्या खिशातल्या हाताआड झाकून गेली!

त्याच ऑलिंपिकमधले आपल्या घरचे उदाहरण स्वप्निल कुसाळे याचे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा हा तरुण. पन्नास मीटर रायफलच्या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून असे तीन पवित्रे असतात. त्याच्या प्राथमिक फेरीत ५९० गुण मिळवून तो सातवा आला. अंतिम फेरीत आठांनाच प्रवेश असतो. सातव्याकडून कोणी पदकाची आशा करीत नाही. १ ऑगस्ट रोजी त्याने ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. या प्रकारात भारताला मिळालेले ते पहिलेच ऑलिंपिक पदक. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळाले ते १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर. तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, ही गोष्ट वृत्तपत्रांनी ठळक टाइपात छापली. आमच्या खानदेशातल्या वाचकांस रेल्वे काही नवी नाही. भुसावळचे अर्धे संसार तिच्यावर चालतात, आणि चाळीसगावहून धुळ्यास जाणारी गाडी कोणाच्या आठवणीत नाही? काळा कोट घातलेला तपासनीस डब्यात आला म्हणजे आपण खिसा चाचपतो. त्याच्या चेहऱ्याकडे पाहण्याचा प्रघात नाही. वृत्तपत्रांना जे आश्चर्य वाटले त्याचे मूळ बहुधा या न पाहण्यात असावे. स्वप्निल २०१२ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरत होता. पॅरिस हे त्याचे पहिले ऑलिंपिक, म्हणजे मध्ये बारा वर्षे गेली. २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत त्याच्या संघाला सुवर्णपदक मिळाले. परंतु वैयक्तिक अंतिम फेरीत ७.६ असा एक बार हातून गेला आणि तो चौथा राहिला. तेव्हा 'अनपेक्षित अपयश' असे कोणी म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही.

अनपेक्षिताला समाजाकडून मिळालेले सर्वांत कठोर उत्तर महाभारतात आहे, आणि ते खानदेशात बसून वाचताना अधिक बोचते. एकलव्य हा निषादांचा पोर. कौरव-पांडवांचा कुत्रा भुंकू लागला तेव्हा त्याने त्याच्या तोंडात सात बाण सोडले, तेही इतक्या चपळाईने की मारणारा न दिसताच मंडळी थक्क झाली. त्या वनात असा धनुर्धर असेल अशी अपेक्षा नव्हती. परंतु ही अपेक्षा ठेवणारांनीच त्याला शाळेच्या दारातून परत पाठविले होते, हे विसरता येत नाही. पुढे अंगठा मागितला गेला. व्यासांनी तेथे एक बारीक तपशील ठेवला आहे: अंगठा गेल्यावरही एकलव्य बोटांनी बाण सोडीत राहिला, पण पूर्वीची त्वरा उरली नाही. वरच्या भागाकाराच्या भाषेत सांगावयाचे तर त्याचे गुण शाबूत राहिले आणि सेकंद वाढले. त्याला हीन ठरविण्यास तेवढे पुरेसे होते.

धुळे-नंदुरबारकडचे भिल्ल एकलव्याला आपला मानतात. त्यांच्या पूर्वजांविषयी कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांचे मत एका शब्दात सामावत असे: लुटारू. १८२५ साली जेम्स औट्रम नावाच्या तरुण लेफ्टनंटाने त्यांची पलटण उभारण्याचे काम हाती घेतले, आणि धरणगावी तिचे ठाणे झाले. ज्यांच्याकडून शिस्तीची अपेक्षा नव्हती ते उत्तम शिपाई ठरले. यात औट्रमची मोठी वाखाणणी झाली. पलटण उभारण्यात सरकारचा स्वतःचा हेतू होता, ते काही शिक्षणदान नव्हे. परंतु आमचा मुद्दा वेगळा आहे. भिल्लांच्या अंगी असलेल्या गुणाचे श्रेय तो पाहणाराकडे गेले. अनपेक्षित यशाचा धनी बदलतो तो असा.

जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांच्या बाबतीत तरी निराळे काय झाले? अक्षर न शिकलेली एक शेतकरीण जात्यावर आणि शेतात ओव्या रचीत गेली. १९५१ साली त्या वारल्या. १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी ग्रंथरूपाने निघाली आणि सारा सुशिक्षित महाराष्ट्र चकित झाला. त्यांच्या घरी ती कित्येक वर्षे ऐकू येत होती.

येथवर आम्ही पाहणारांचा हिशेब मांडला. आता करणाराचा. आपल्या त्या हौशी गृहस्थाच्या मनात त्या रात्री एकच प्रश्न घोळत असेल: हा खरा मी, की मागच्या रविवारचा? फळाविषयी माणसाने कसे वागावे याचा ऊहापोह याच खानदेशात, १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात, विनोबांनी दर रविवारी गीतेवर बोलताना केला आणि साने गुरुजींनी तो उतरून घेतला. फळाची आसक्ती सोडावी हे आपण अपयशाच्या वेळी एकमेकांस सांगतो. समाधान करण्यास ते सोयीचे पडते. अनपेक्षित यश हाती आले म्हणजे मात्र तीच गीता फडताळात जाते. वास्तविक तिची गरज तेव्हा अधिक असते, कारण अपयश माणसाला फार तर खाली बसविते, असले यश त्याला स्वतःविषयी चुकीचे माप देऊन जाते.

या मापाविषयी गणिताचेही एक म्हणणे आहे. फ्रान्सिस गाल्टन याने १८८६ साली आईबापांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करून दाखविले की, फार उंच आईबापांची मुले सरासरीने त्यांच्याहून थोडी ठेंगणी निघतात. ज्या गोष्टीत कौशल्याबरोबर योगायोगाचा थोडाही अंश आहे, तेथे हाच नियम लागतो. असामान्य दिवसानंतरचा दिवस बहुधा साधा असतो. आपल्या घरांत या नियमाला दृष्ट लागणे म्हणतात आणि त्यावर मीठ-मोहऱ्या ओवाळतात. मीठ-मोहऱ्यांनी कोणाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते निराळ्या घरांत. एका चाचणीत अवचित पहिला आलेला मुलगा पुढच्या चाचणीत सातवा आला म्हणजे, "आता डोक्यात हवा गेली," असे बाप म्हणतो, आणि पहिला क्रमांक ही त्या दिवसापासून मुलाची देणेदारी ठरते. त्याला अगोदर कोणी काही मागत नव्हते, हेही दुःखच होते. पण आता जे मागतात ते त्याने एकदाच दिलेले असते.

आम्हांस असे वाटते की त्या यशातला काही भाग त्याचा निश्चित आहे आणि काही त्या दिवसाचा. किती कोणाचा हे एका कागदावरून ठरत नाही, पुष्कळ कागद साठावे लागतात. कारोली टाकाच या हंगेरियन शिपायाचा उजवा हात १९३८ साली हातबॉम्ब फुटून निकामी झाला. त्याने गुपचूप डाव्या हाताने नेम धरण्याचा अभ्यास केला, आणि १९४८ साली लंडनला सुवर्णपदक मिळविले तेव्हा पाहणारे अवाक झाले. १९५२ साली तो हेलसिंकीस पुन्हा आला व पुन्हा जिंकला. त्या दुसऱ्या पदकाची कथा सांगताना लोक आवाज चढवीत नाहीत. आम्हांस मात्र तेच अधिक मोलाचे वाटते, कारण त्या खेपेस सर्वांची नजर त्याच्या डाव्या हातावर होती.

आपल्या हौशी गृहस्थाला पुढच्या खेपेस वरच्या श्रेणीत घालतील. तेथे तो कदाचित तिसावा येईल. पहिल्या संध्याकाळी अभिनंदन करणारी मंडळी त्या दिवशी दुसऱ्याच कोणाभोवती जमलेली असतील, आणि हा एका कोपऱ्यात आपले पिस्तूल पुसून पेटीत ठेवीत असेल. पुढच्या रविवारी तो मैदानावर जातो की नाही, हे पाहण्याची आम्हांस उत्सुकता आहे.