प्राण वाचल्यावर पुढें काय?

रुग्णाचा प्राण वाचला म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें आपण सहज मानतों. हें कितपत न्याय्य आहे?

अतिदक्षता विभागांतील खाटेवर धनिक व मजूर सारखेच असहाय असतात. भेद दिसतो तो घरीं परतल्यावर. 2013 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें आढळलें कीं, अत्यवस्थ रुग्णांच्या मांडीचा स्नायु पहिल्या 10 दिवसांतच सरासरीनें शेंकडा सुमारें 18 इतका रोडावतो. ही झीज भरून येण्यास सकस अन्न, व्यायाम व विसावा लागतो. आणि त्यांस महिने लागतात.

वसईंतील पगारी नोकरास रजा मिळते. परंतु पावसाळ्यांत उचल घेऊन त्याच तालुक्यांतील वीटभट्टीवर ती फेडावयास आलेल्या कातकरी मजुरानें काय करावें? महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना रुग्णालयांतील उपचारांचा खर्च सोसते. बुडालेली मजुरी भरून देत नाहीं. म्हणून पाय थरथरत असतांच तो विटा वाहूं लागतो, आणि आपण म्हणतों, "बरा झाला!"

कोणी म्हणेल, ज्याचें त्याचें दैव. परंतु दुखणें दैवाचें मानलें, तरी विसाव्याची वांटणी मनुष्यांनींच केली आहे. ती मनुष्यांस बदलतां येईल. भट्टीमालकानें उचलीचा हिशेब दोन महिने थांबवावा. शेजाऱ्यांनीं आळीपाळीनें डाळ, अंडीं पोंचवावीं. रुग्णास दवाखान्यांत भेटणें चांगलेंच. परंतु तो घरीं आल्यावर तिसऱ्या आठवड्यांत त्याच्या दारीं जाणें अधिक अगत्याचें आहे.