येशू जिंकला, मग हरले कोण?



पास्काच्या जागरणविधीत हातात पेटती मेणबत्ती घेऊन आपण दरवर्षी सैतानाचा व त्याच्या कृत्यांचा त्याग करतो. मी विचारतो, तुम्ही उत्तर देता. एका वर्षी हंगाम लांबला होता. विधी संपल्यावर ऊसतोडीला आलेल्या एका मावशींनी मला ओट्यावर गाठले. "फादर, सैतान हरला हे मी मानते. पण सहा महिने कोयता चालवला तरी आमची उचल फिटली नाही. मग हरलं कोण?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. म्हणालो, "मावशी, प्रभूवर भरवसा ठेवा."

अंकुशनगरच्या लोकांना ऊसतोड काय असते ते सांगायला नको. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चर्चा देशभर झाली. शासनाने समिती नेमली. पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीमुळे, दुखण्यामुळे खाडा पडू नये, हेही त्यामागचे एक कारण होते.

यात शिंगे-शेपटीचा सैतान कुठे दिसतो? मुकादमाला बोल लावावा, तर त्याने स्वतःही वरून पैसे उचललेले असतात. स्वस्त साखरेचा चहा पिणारे आपणही त्याच साखळीत आहोत. संत पौल इफिसकरांना लिहितो की आपले झगडणे रक्तमांसाच्या माणसांबरोबर नाही. म्हणून कोणीच जबाबदार नाही असे मात्र नव्हे. आपापल्या वाट्याचा जाब प्रत्येकाला द्यावाच लागेल. पण मुकादम हा शत्रू नाही, तोही सोडवून आणायचा माणूस आहे. हे लिहायला सोपे आहे, त्याच्यासमोर बसून हिशेब मागताना आठवणे कठीण.

मावशींच्या प्रश्नाला ऑस्कर कुलमान या प्रोटेस्टंट पंडिताने दुसऱ्या महायुद्धाचा दाखला देऊन उत्तर दिले आहे. ६ जून १९४४ रोजी दोस्तांचे सैन्य नॉर्मंडीत उतरले आणि युद्धाचा निकाल जवळजवळ ठरला. तरी युरोपातील युद्ध थांबायला ८ मे १९४५ उजाडला. मधल्या अकरा महिन्यांत असंख्य माणसे मेली. क्रूस व पुनरुत्थान ही निर्णायक लढाई होती आणि आपण त्या मधल्या महिन्यांत जगत आहोत. दाखला मला पटतो, पण त्या महिन्यांत ज्याचा मुलगा गेला त्याला तो पुरेल असे वाटत नाही.

म्हणून मी संत थॉमस अक्वायनस यांच्याकडे वळतो. ते म्हणतात, आशा ज्याची धरायची ते चांगले हवे, पुढे यायचे हवे, मिळायला कठीण हवे, आणि तरीही शक्य हवे. सोप्या गोष्टीला आशा लागत नाही, अशक्य गोष्टीला ती पुरत नाही. आशेविरुद्ध पापेही दोन आहेत. निराशा आपल्याला ठाऊक आहे. दुसरे पाप म्हणजे फाजील भरवसा. देव बघून घेईल म्हणायचे आणि आपण हात हलवायचा नाही. पहिल्यात माणूस शक्य ते विसरतो, दुसऱ्यात कठीण ते. त्या रात्री ओट्यावर मी मावशींना आशा दिली नाही. मी दुसरे पाप केले आणि त्याला प्रभूचे नाव दिले.

गेल्या हंगामात आपल्या धर्मग्रामातील दोन कॉलेजच्या मुली रविवारी मिस्सा झाल्यावर वही घेऊन खोप्यांवर जात होत्या. किती टन तोडले, किती खाडे, किती कापले, सगळे तारखेनुसार लिहीत. एका टोळीच्या हिशेबात दोन खाडे दोनदा धरलेले सापडले. मुकादमाने वही पाहिली, थोडा वेळ गप्प बसला आणि चूक दुरुस्त केली. त्या कुटुंबाची उचल तरीही फिटली नाही. यंदाही मुली जाणार आहेत. टोळ्या जास्त आहेत, त्यामुळे आणखी तीन-चार जण हवे आहेत. मिस्सेनंतर मला भेटावे.